बेशिस्तीला ब्रेक कुठे लागतो? ढाक्यातल्या एका पत्रापासून पुण्यातल्या प्रयोगशाळेपर्यंत

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ ला नॅशनल क्वांटम मिशनला मंजुरी दिली. रक्कम ६,००३ कोटी ६५ लाख रुपये, मुदत २०३०-३१ पर्यंत. त्यावर मी इथं याआधी दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा एकच प्रश्न सगळ्यात जास्त आला. "साहेब, अणू थंड करून आपल्याला काय मिळणार?"

विचारणारे सगळे काही टिंगल करणारे नव्हते. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक होते, एक द्राक्ष बागायतदार होते. पैसा जनतेचा आहे, म्हणजे प्रश्न रास्तच आहे. एका ओळीत उत्तर देता येईल असं मला वाटत नाही. पण या थंड अणूंची आणि त्यांच्याशी जोडलेल्या एका जुन्या कोड्याची हकिगत सांगता येईल. मी भौतिकशास्त्राचा माणूस नाही, बातमीदार आहे. त्यामुळे गणित बाजूला ठेवून गोष्ट सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात पावसापासून करू, कारण तो आपल्या सगळ्यांचा विषय.

उद्याचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो, तीन आठवड्यांनंतरच्या अमुक एका दिवशी आपल्या गावात पाऊस पडेल का हे मात्र कोणी सांगू शकत नाही. हवामान खात्याला आपण नावं ठेवतो, पण यामागचं कारण १९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांना सापडलं. ते कॉम्प्युटरवर हवेचं एक सोपं गणित चालवत होते. जुनं गणित मधूनच पुन्हा सुरू करायचं म्हणून त्यांनी छापील कागदावरचा आकडा टाकला, ०.५०६. यंत्राच्या पोटातला खरा आकडा होता ०.५०६१२७. फरक किती? हजारातल्या एका भागाहूनही कमी. पण थोड्या वेळाने कॉम्प्युटरमधलं हवामान मूळ गणितापासून पूर्ण वेगळंच झालं. सुरुवातीचा बारीकसा फरक फुगत जातो आणि काही काळाने सगळं भाकीत खाऊन टाकतो. नियम पक्के असतात, तरीही पुढचं सांगता येत नाही. यालाच शास्त्रात 'केऑस' म्हणतात. मराठी पुस्तकांत 'कोलाहल' असा शब्द भेटतो.

आता कोडं ऐका. हवा, पाणी, आपण, सगळे अणूंचे बनलेलो आहोत. अणूंच्या जगाचे नियम वेगळे, तिथं क्वांटमचं राज्य. आपल्या पाठ्यपुस्तकांतलं पुंजभौतिकी ते हेच. त्या नियमांत कण हा लाटेसारखा वागतो, आणि लाटांचं गणित फार शिस्तीचं असतं. त्यात बारीक फरक फुगत नाही, बारीकच राहतो. मग तळाशी जर सगळं शिस्तीत चाललंय, तर वर ही बेशिस्त येते कुठून?

याची पहिली चाहूल आइन्स्टाइनला १९१७ सालीच लागली होती. तेव्हाचे अणूचे नियम शिस्तीत फिरणाऱ्या कणाला लागू पडत होते. कणाची वाट बेशिस्त असेल तर हे नियम लावायचे कसे, असा मुद्दा त्याने एका शोधनिबंधात मांडला. जवळपास ४० वर्षं त्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. नाव आइन्स्टाइनचं, तरी ही गत.

आता सात वर्षं पुढं आणि बर्लिनहून ढाक्याला.

१९२४. सत्येंद्रनाथ बोस, वय ३०, ढाका विद्यापीठात रीडर. पीएच.डी. नाही. विद्यापीठ सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. बोस यांनी प्रकाशाच्या एका प्रसिद्ध नियमाची नवी सिद्धता लिहिली. इंग्लंडच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये ती छापून आली नाही. मग ४ जून १९२४ ला त्यांनी ती थेट आइन्स्टाइनला पाठवली आणि सोबत पत्र जोडलं. आइन्स्टाइनने स्वतः तिचं जर्मन भाषांतर केलं आणि छापून आणलं.

बोस यांनी नवीन काय केलं होतं? दोन नाणी उडवा. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा, अशा चार शक्यता आपण मोजतो. बोस यांची मोजणी सांगते की प्रकाशाचे कण इतके एकसारखे असतात की 'पहिला' आणि 'दुसरा' असं म्हणताच येत नाही. छापा-काटा आणि काटा-छापा ही एकच गोष्ट. शक्यता उरल्या तीन. परिणाम बघा. दोन्ही नाणी सारखी पडण्याची शक्यता निम्म्यावरून दोन तृतीयांशावर गेली. म्हणजे हे कण एकाच घरात गर्दी करायला बघतात.

आइन्स्टाइनने हीच मोजणी अणूंच्या वायूला लावली आणि १९२५ पर्यंत एक विचित्र भाकीत केलं. वायू पुरेसा थंड केला तर बरेचसे अणू एकाच स्थितीत जाऊन बसतील आणि सगळे मिळून एकाच लाटेसारखे वागतील. याला पुढं बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट हे नाव पडलं. पण किती थंड? अशी थंडी पृथ्वीवर कुठंच नव्हती आणि ती करण्याचा उपायही कोणाकडे नव्हता. भाकीत कागदावर राहिलं. एकूण ७० वर्षं.

म्हणजे १९२५ साली दोन गोष्टी कागदावर होत्या. एक, बेशिस्तीचा अनुत्तरित प्रश्न. दुसरी, अति थंड वायूचं भाकीत. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असं तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

बेशिस्तीचा प्रश्न पुढं सरकला तो शीतयुद्धाच्या काळात, आणि तोही दोन्ही गोटांतल्या माणसांनी मिळून. सोव्हिएत रशियात सैबेरियातल्या नोवोसिबिर्स्कला बोरिस चिरिकोव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. तापलेला वायू चुंबकाच्या पिंजऱ्यात टिकतो की निसटतो, हा त्यांचा विषय. त्यासाठी त्यांनी एक साधं खेळणं अभ्यासाला घेतलं.

खिळ्यावर गोल फिरणारी एक काठी समजा. घर्षण नाही, वजनाचा ओढा नाही. ठरावीक वेळाने तिला एकाच दिशेने टोला द्यायचा. टोला बसताना काठी कुठल्या कोनात आहे यावर तिचा वेग वाढतो किंवा घटतो. टोले हलके असतील तर सगळं शिस्तीत. टोले जोरात बसू लागले की काठी पुढच्या वेळी कुठं असेल याचा पत्ताच लागत नाही. वेग कधी वाढतो, कधी घटतो, दारू प्यायलेल्या माणसाच्या पावलांसारखा. पण दारुडाही खूप पावलं टाकून खांबापासून लांब जातोच. तशी काठीची सरासरी ऊर्जा टोल्यांच्या संख्येबरोबर वाढत राहते, न थांबता. हा झाला नेहमीच्या जगातला केऑस.

हीच काठी अणूएवढी असती तर? इटलीचे ज्युलिओ कसाती, सोव्हिएत रशियाचे चिरिकोव्ह आणि इझ्राइलेव्ह, अमेरिकेचे जोसेफ फोर्ड, या चौघांनी ते गणित क्वांटम नियमांनी कॉम्प्युटरवर चालवलं. १९७७ साली इटलीत कोमो इथं झालेल्या परिषदेत ते मांडलं गेलं, १९७९ साली छापून आलं. निकालाने सगळे चक्रावले. सुरुवातीला ऊर्जा नेहमीसारखीच वाढते. मग थोड्या वेळाने वाढ थांबते. टोले चालूच आहेत, पण अणूची काठी आता ते अंगाला लावूनच घेत नाही. बेशिस्तीला ब्रेक लागला होता.

का लागला, याचं उत्तर आलं भलत्याच घरातून. फिलिप अँडरसन यांनी १९५८ साली बेल लॅबमध्ये अशुद्ध स्फटिकातल्या लाटांचं गणित मांडलं होतं. विहिरीत खडा टाकला की लाट काठाला आपटून परत येते. असे अनेक काठ वेडेवाकडे उभे असतील तर परत आलेल्या लाटा एकमेकींना काही ठिकाणी वाढवतात, काही ठिकाणी मारून टाकतात. अशुद्धी पुरेशी असेल तर लाट पुढं जातच नाही, एका जागी अडकून बसते. या कामासाठी अँडरसन यांना १९७७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

१९८२ साली अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठातले फिशमन, ग्रेम्पेल आणि प्रँज या तिघांनी दाखवलं की टोले खाणाऱ्या क्वांटम काठीचं गणित आणि अँडरसनच्या अडकलेल्या लाटेचं गणित मुळात एकाच जातीचं आहे. स्फटिकात लाट जागेवर अडकते, इथं वेगावर अडकते. आणि गंमत म्हणजे इथं बाहेरून कुठलीही अशुद्धी टाकलेली नाही. काठीच्या स्वतःच्या बेशिस्त फिरण्यानेच अशुद्धीचं काम केलं. थोडक्यात, बेशिस्तीनेच बेशिस्तीचा रस्ता अडवला.

कागदावर छान. पण अशी काठी आणायची कुठून? इथं थंड अणू गोष्टीत येतात.

आपल्या खोलीतल्या हवेचे रेणू सेकंदाला काहीशे मीटर वेगाने धावतात. प्रकाशाच्या टोल्याने सोडियमच्या अणूचा वेग बदलतो तो सेकंदाला काही सेंटिमीटरच्या पायऱ्यांनी. धावत्या एक्स्प्रेसमधल्या माणसाला मुंगी धडकली तर काय कळणार? टोल्याचा हिशेब दिसायचा तर अणू आधी जवळपास उभा करायला हवा. म्हणजेच थंड करायला हवा, कारण तापमान हे शेवटी अणूंच्या पळापळीचंच माप.

१९७५ साली हेन्श आणि शॉलो यांनी सुचवलं की लेझरच्या प्रकाशाने अणूला समोरून ढकलत ढकलत मंद करता येईल. प्रकाशाचा रंग असा निवडायचा की समोरून येणाऱ्या अणूलाच तो जास्त लागावा. १९८५ मध्ये बेल लॅबमध्ये स्टीव्हन चू यांनी सोडियमचे अणू सहा बाजूंनी लेझर टाकून २४० मायक्रोकेल्विनपर्यंत थंड केले. निरपेक्ष शून्य म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. त्याच्या वर एका अंशाचा चार हजारावा भाग. सिद्धांत सांगत होता, याखाली जाता येणार नाही. १९८८ मध्ये विल्यम फिलिप्स यांच्या गटाने मोजलं तर अणू ४३ मायक्रोकेल्विनला होते. अपेक्षेपेक्षा चांगला निकाल प्रयोगशाळेत क्वचितच मिळतो. त्याचं कारण शोधण्यात पॅरिसच्या क्लोद कोएन-तानुजी यांचा मोठा वाटा. चू, फिलिप्स आणि कोएन-तानुजी या तिघांना १९९७ चं नोबेल मिळालं.

तरी बोस-आइन्स्टाइनचं घर अजून लांब होतं. एमआयटीमध्ये डॅनियल क्लेपनर आणि टॉम ग्रेटॅक हायड्रोजन घेऊन १९७० च्या दशकापासून त्याच मागे होते. त्यांच्या गटातल्या हॅरल्ड हेस यांनी १९८६ साली एक युक्ती मांडली. चहा बशीत ओतला की वाफ उडते आणि चहा निवतो, म्हणजे सगळ्यात गरम रेणू निघून जातात आणि उरलेले गार होतात. तसंच चुंबकाच्या पिंजऱ्याची कड हळूहळू खाली करायची, उडी मारू शकणारे गरम अणू निघून जातात, राहतात ते थंड.

लेझर आणि ही बशीची युक्ती एकत्र करून ५ जून १९९५ ला अमेरिकेत बोल्डर इथं एरिक कॉर्नेल आणि कार्ल वाइमन यांच्या गटाने रुबिडियमचे सुमारे २,००० अणू एकाच स्थितीत नेऊन बसवले. तापमान १७० नॅनोकेल्विन, म्हणजे एका अंशाचे कोटी भाग केले तर त्यातले दोनही नाहीत. अणूंचा वेग सेकंदाला काही मिलिमीटर, गोगलगायीच्या चालीचा. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये वोल्फगांग केटर्ली यांनी एमआयटीमध्ये सोडियमचं कंडेन्सेट केलं. तिघांना २००१ चं नोबेल. ते बघायला बोस नव्हते. ते १९७४ मध्ये गेले, नोबेल त्यांना कधीच मिळालं नाही.

इथं जरा थांबतो, कारण बातमीदार म्हणून मला सगळ्यात भावलेली गोष्ट इथं आहे. वाइमन कॉलेजात असताना क्लेपनर यांच्याच प्रयोगशाळेत काम करत होते. कॉर्नेल यांनी पीएच.डी. केली डेव्हिड प्रिचर्ड यांच्याकडे, आणि प्रिचर्ड स्वतः क्लेपनर यांचे विद्यार्थी. केटर्ली जर्मनीहून आले ते प्रिचर्ड यांच्याच हाताखाली. पुढं केटर्ली यांना दुसरीकडून नोकऱ्यांची बोलावणी येऊ लागली, तेव्हा त्यांनी एमआयटीतच थांबावं म्हणून प्रिचर्ड यांनी आपली थंड अणूंची प्रयोगशाळा त्यांच्या ताब्यात दिली आणि स्वतः त्या विषयातून बाजूला झाले. त्याच प्रयोगावर केटर्ली यांना नोबेल मिळालं. आणि क्लेपनर-ग्रेटॅक? त्यांचं हायड्रोजन कंडेन्सेट १९९८ मध्ये झालं, दोन दशकांहून जास्त मेहनतीनंतर, शर्यत संपल्यावर तीन वर्षांनी. पण जिंकलेल्यांच्या हातातली बशीची युक्ती त्यांच्याच घरची होती. आपल्याकडे खुर्ची सोडताना लोक काय करतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता काठीकडे परत.

टेक्सासच्या ऑस्टिन इथं मार्क रेझन यांच्या गटाने थंड सोडियमचे अणू घेतले. समोरासमोर दोन लेझर सोडले की मधे प्रकाशाचे उंचवटे आणि खड्डे तयार होतात, ढेकळं फुटलेल्या सरी-वरंब्यांसारखे एका ओळीत. ही सरी क्षणभर चालू, मग बंद, मग पुन्हा चालू. प्रत्येक झगमगाट म्हणजे एक टोला. नंतर अणू मोकळे सोडायचे आणि किती पसरले ते फोटोत मोजायचं. १९९४ आणि १९९५ च्या त्यांच्या शोधनिबंधांत चौघांचं कॉम्प्युटरवरचं भाकीत डोळ्यांसमोर आलं. अणूंची ऊर्जा थोडा वेळ वाढली आणि मग अडकली. वेगांचा आलेख खास कागदावर काढला तर तंबूसारखा दिसतो, मधे टोक आणि दोन्ही बाजूंना सरळ उतार. अँडरसनच्या अडकलेल्या लाटेची हीच खूण.

मग नेहमीच्या जगात ब्रेक का दिसत नाही? १९९८ मध्ये ऑस्टिनच्या गटाने आणि न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या गटाने उत्तर दिलं. टोल्यांच्या जोरात थोडी अनियमितता आणा, किंवा अणूंवर भटका प्रकाश पडू द्या, म्हणजे ब्रेक निसटतो आणि अणू पुन्हा दारुड्याच्या चालीला लागतात. लाटांनी एकमेकींना अडवायचं तर त्यांचा ताल टिकायला हवा. बाहेरच्या गलक्यात ताल तुटतो. आपल्या भोवतालचं जग तर कायम गलक्यातच असतं. पावसाच्या अंदाजातली बेशिस्त अणूंच्या शिस्तीतूनही शिल्लक राहते, तिचं एक मोठं कारण हे आहे.

२००८ मध्ये फ्रान्समधल्या लिल इथल्या गटाने टोल्यांची लय तीन वेगवेगळ्या तालांत मिसळली, आणि सपाट ओळीतल्या अणूंनी त्रिमितीतल्या स्फटिकासारखं वागून दाखवलं. अडकलेलं आणि मोकळं यांच्यातली नेमकी सीमा मोजता आली. अँडरसनच्या १९५८ च्या कागदानंतर बरोबर ५० वर्षांनी.

आणि आता पुणे. पाषाणच्या रस्त्यावरून जाताना 'आयसर'ची पाटी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिथं उमाकांत रापोल यांची थंड अणूंची प्रयोगशाळा आहे आणि एम. एस. संथानम हे केऑसचे अभ्यासक आहेत. दोघांच्या गटांनी मिळून २०१७ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नावाजलेल्या नियतकालिकात प्रयोग छापला. प्रश्न असा की गलका झाला की ताल तुटतो हे ठीक, पण गलका कोणत्या जातीचा आहे याने काही फरक पडतो का? त्यांनी गलका एकसारखा न ठेवता असा केला की दोन गडबडींमधला वेळ कधी छोटा, तर कधी अचानक खूप लांब. आपल्याकडच्या वीजपुरवठ्याची आठवण झाली तर दोष माझा नाही. निकाल असा की अशा गलक्यात ताल नेहमीपेक्षा संथपणे तुटतो आणि अणूही संथ पसरतात. म्हणजे क्वांटमपण किती वेळ टिकेल हे गलका किती आहे यावर ठरतंच, पण तो कसा येतो यावरही ठरतं.

शेवटचा टप्पा अजून चालू आहे. आतापर्यंतचे अणू एकमेकांची दखल न घेणारे, गर्दीतले अनोळखी. ते एकमेकांना धक्के देऊ लागले तर ब्रेक टिकतो का? २००६ मध्ये अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात डेव्हिड वाइस यांच्या गटाने रुबिडियमचे अणू प्रकाशाच्या बारीक नळ्यांत कोंडून एकमेकांवर आपटवले. टेबलावरचं ते दोऱ्याला टांगलेल्या गोळ्यांचं खेळणं असतं ना, तसंच. हजारो टकरींनंतरही अणूंचे वेग सरमिसळ होऊन एका सरासरीला आले नाहीत. एरवी गरम पाण्यात थंड पाणी ओतलं की क्षणात कोमट होतं. इथं 'कोमट' व्हायलाच नकार. उलट २०२२ मध्ये सांता बार्बरा आणि सिअ‍ॅटल इथल्या दोन गटांनी टोले खाणाऱ्या अणूंना एकमेकांशी भिडू दिलं, तर ब्रेक निसटला आणि ऊर्जा पुन्हा हळूहळू वाढू लागली. २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या हान्स-क्रिस्टोफ नेगर्ल यांच्या गटाने अणूंना एका रेषेत कोंडून त्यांची आपसातली झटापट जोरदार केली, तरी ब्रेक टिकला. टोल्यांची लय बिघडवली तेव्हा मात्र सुटला. म्हणजे झटापट थोडी की जोरदार, जागा अरुंद की मोकळी, यावर उत्तर बदलतं. शंभर वर्षांनंतरही आइन्स्टाइनचा प्रश्न पूर्ण मिटलेला नाही.

आता येतो तुमच्या प्रश्नाकडे. काय मिळणार?

थंड अणूंपासून मिळालेल्या वस्तू आधीच आहेत. जगाची वेळ ठरवणारी सगळ्यात अचूक घड्याळं लेझरने थंड केलेल्या अणूंवर चालतात. २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या गटाने थंड अणूंच्या उपकरणाने गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक मोजून जमिनीखालचं भुयार शोधून दाखवलं. आपल्या मिशनमध्ये अशा मोजमापाच्या तंत्रज्ञानाचं केंद्र मुंबईत आयआयटीकडे आहे. बोअर मारण्याआधी देव पाण्यात ठेवणाऱ्या भागात राहणाऱ्या माणसाला जमिनीखालचं मोजणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

बेशिस्तीच्या प्रश्नाचं मात्र हिशेबात वेगळंच महत्त्व आहे. क्वांटम कॉम्प्युटर म्हणजे शेवटी एकमेकांशी जोडलेले, बाहेरून टोले खाणारे क्वांटम तुकडे. कोलोन आणि युलिश इथल्या सिद्धांतकारांनी २०२२ मध्ये दाखवलं की सुपरकंडक्टर चिपवर केऑस शिरकाव करू शकतो आणि साठवलेली माहिती सरमिसळ होण्याचा धोका संभवतो. तुकडे थोडे वेगवेगळे ठेवले, त्यांच्यातली जोडणी हिशेबात ठेवली, तर त्याला थोपवता येतं. म्हणजे ज्यावर आज देशोदेशीची सरकारं हजारो कोटी लावत आहेत ते यंत्र चालणार की नाही, याचं एक मोठं उत्तर त्या खिळ्यावरच्या काठीत लपलेलं आहे.

आता मागे वळून पाहा. १९२४ मध्ये ढाक्यातल्या रीडरला, १९५८ मध्ये अशुद्ध स्फटिकावर डोकं घालणाऱ्या अँडरसनला, सैबेरियातल्या चिरिकोव्हला, वीस वर्षं हायड्रोजन थंड करत बसलेल्या क्लेपनरला "उपयोग काय?" असं विचारलं असतं, तर एकालाही आजचं उत्तर देता आलं नसतं. एकानेही क्वांटम कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. त्यातलं एकजरी काम 'उपयोग दाखवा, मग पैसे' या अटीवर थांबवलं असतं, तर पुढची कडी जोडायलाच उरली नसती.

म्हणून माझं म्हणणं असं की सहा हजार कोटींचा हिशेब जरूर मागा, पण योग्य गोष्टीचा मागा. संशोधन करणाऱ्या पोरापोरींची फेलोशिप दर महिन्याला खात्यात पडते का? लेझरचा एक भाग बिघडला तर तो मागवायला किती कागद फिरवावे लागतात? काम फसलं तर तेही छापायची मुभा आहे का? मिशनच्या नावात तंत्रज्ञान आहे म्हणून ज्याचा उपयोग अजून दिसत नाही अशा कामाला त्यात जागा उरते का? एखाद्या प्राध्यापकाला प्रिचर्डसारखी प्रयोगशाळा तरुण माणसाच्या हाती द्यायची झाली तर आपले नियम त्याला देऊ देतील का?

आणि एक प्रश्न आपल्या तालुक्यापुरता. बीएस्सीला फिजिक्स घेतलेल्या मुलांना प्रॅक्टिकलला लेझर हाताळायला मिळतो, की जर्नलमध्ये गेल्या वर्षीचीच रीडिंग उतरवून घ्यावी लागतात? तुमच्या मुलांना आज संध्याकाळी विचारा. उत्तर इथं लिहा, कॉलेजचं नाव नको. पंधरा-वीस उत्तरं जमली की मी ती घेऊन विद्यापीठात जातो आणि त्यांचं काय म्हणणं आहे तेही इथंच छापतो.